विजेची रोजकीर्द : प्रस्तावना

ज्या मालाचे मोजमाप गिऱ्हाइकाच्या देखत, त्याच्याच घराच्या भिंतीवर होते आणि तरीही ज्याच्या हिशेबाविषयी गिऱ्हाइकाइतके अनभिज्ञ दुसरे कोणी नसते, असा माल आपल्या नित्य व्यवहारात विजेखेरीज क्वचितच सापडेल. मीटर दाराशी असतो, त्याच्यावरील आकडे उघड्या डोळ्यांनी वाचता येतात, महिन्याकाठी कोणी येऊन त्याचे छायाचित्र काढून नेतो, आणि काही दिवसांनी जे देयक हाती पडते त्यात मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि त्या दोहोंची वजाबाकी एवढाच खपाचा तपशील असतो. पंप कोणत्या दिवशी तासभर अधिक चालला, रात्री सारे निजल्यावरही कोणते यंत्र वीज खात राहिले, दुपारी दाब किती खाली गेला, यांपैकी काहीही त्या वजाबाकीत उरत नाही. पेढीवरच्या भाषेत बोलायचे तर ग्राहकाच्या पदरी केवळ अखेरची बाकी पडते. रोजकीर्द त्याला कधीच दाखवली जात नाही.

प्रस्तुत पुस्तिका ही रोजकीर्द मिळवण्याविषयी आहे. विजेचा मीटर संगणकाला जोडावा कसा, त्याच्या पोटातील आकडे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने वाचावे कसे, आणि वाचलेल्या आकड्यांचा अर्थ लावताना कोणते अवधान राखावे, एवढाच तिचा विषय. वरकरणी हा विषय तारांचा आणि जोडण्यांचा वाटतो, आणि पुस्तिकेची बरीच पाने त्यांनीच व्यापली आहेत. परंतु या उद्योगात अपयश येते ते बहुधा तारेमुळे नव्हे, तर हिशेबाच्या शिस्तीच्या अभावामुळे येते, असे माझे मत आहे, आणि तेच या प्रस्तावनेत सविस्तर मांडण्याचा विचार आहे.

मीटर कोणाला वाचता यावा, हा प्रश्न विजेच्या व्यापाराइतकाच जुना आहे. एडिसनने न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली पर्ल स्ट्रीटचे वीजकेंद्र सुरू केले, त्या काळातील त्याचा मीटर रासायनिक होता: जस्ताच्या लवणाच्या द्रावणात जस्ताच्याच पट्ट्या बुडवलेल्या असत, प्रवाहाचा एक ठरावीक अल्पांश त्यांतून जाई, एका पट्टीवरील धातू दुसरीवर जाऊन बसे, आणि कंपनीचा माणूस त्या पट्ट्या नेऊन तराजूत तोली व त्या वजनावरून आकारणी ठरे. युक्ती चतुर होती, परंतु ग्राहकाला त्या बरणीकडे पाहून काहीही कळण्याजोगे नव्हते. पुढे फेरारिसने १८८५ च्या सुमारास फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व प्रत्यक्ष दाखवले, आणि बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील ओटो ब्लाथी याने १८८९ साली प्रत्यावर्ती प्रवाहाच्या प्रवर्तन मीटरचे स्वामित्व मिळवले. ॲल्युमिनियमची तबकडी, तिला फिरवणारी दोन वेटोळी, तिला आवरणारा कायम चुंबक, आणि तिच्या फेऱ्या मोजणारी दातेरी चक्रे, अशी ही रचना जवळजवळ शंभर वर्षे जगभर टिकली. तिचा मोठा गुण असा, की वाचता येणाऱ्या कोणालाही ती वाचता येई. घरातील इस्त्री लावली की तबकडी वेग घेई, काढली की मंदावे. खप आणि मोजमाप यांचे नाते शाळकरी मुलालाही डोळ्यांनी दिसे.

तबकडी गेली आणि तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटर आला, तेव्हा ज्ञान वाढले आणि दृष्टी कमी झाली. हा मीटर दाब आणि प्रवाह यांचे नमुने दर सेकंदाला हजारो वेळा घेतो, त्यांचा गुणाकार करून बेरीज चालवतो, आणि तेवढ्यावर न थांबता प्रत्येक फेजचा दाब, प्रवाह, शक्तिगुणांक, वारंवारिता, महिन्यातील कमाल मागणी, कोणत्या अर्ध्या तासात किती खप झाला याची यादी, वीज केव्हा गेली व केव्हा आली याच्या तारखा, हे सारे दप्तर आपल्या स्मृतीत जपून ठेवतो. परंतु समोरच्या पडद्यावर त्यांतले मोजकेच आकडे आळीपाळीने सरकत राहतात. उरलेले दप्तर उघडायचे तर त्या मीटरची भाषा येणारे यंत्र जवळ असावे लागते. म्हणजे एडिसनच्या बरणीपाशी ग्राहक जितका परावलंबी होता, तितकाच तो या सर्वज्ञ पेटीपाशीही झाला. मीटर संगणकाला जोडण्याचे प्रयोजन हेच, की तबकडीने दिलेली आणि मधल्या काळात हरवलेली दृष्टी ग्राहकाला परत मिळावी.

मीटरकडून आकडे घेण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत, आणि प्रत्येकाची योग्यता निराळी आहे. पहिला मार्ग लुकलुकत्या दिव्याचा. बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरांवर एक बारीक तांबडा दिवा असतो आणि त्याच्याजवळ एका युनिटाला किती लुकलुकी हे छापलेले असते. ३२०० हा आकडा आपल्याकडे पुष्कळदा आढळतो. त्या हिशेबाने दर सेकंदाला एक लुकलुक झाली तर भार ११२५ वॅटांचा. दोन सेकंदांना एक झाली तर त्याच्या निम्मा. प्रकाश ओळखणारा एक स्वस्त संवेदक दिव्यासमोर धरला आणि त्याचे संकेत एखाद्या छोट्या नियंत्रकाने मोजले, की चालू भार आणि जमलेला खप दोन्ही कळतात. मात्र एक लुकलुक चुकली तर ती कायमची चुकली, आणि दाब, शक्तिगुणांक वगैरे बाबींविषयी हा दिवा अक्षरही बोलत नाही.

दुसरा मार्ग प्रकाशीय पोर्टचा. मीटरच्या दर्शनी भागावर जी वाटोळी जागा दिसते, तेथे चुंबकाने चिकटणारा शोधक बसवून अवरक्त किरणांनी संभाषण करता येते. आयईसी ६२०५६-२१ या मानकाप्रमाणे हे संभाषण सेकंदाला ३०० बिट इतक्या मंद गतीने सुरू होते, मीटर आपल्या निर्मात्याची खूण आणि आपल्याला पेलणारी गती सांगतो, आणि मग दोघे त्या गतीवर येतात. ज्या मीटरांत पुढची डीएलएमएस ही भाषा आहे, त्यांत प्रत्येक राशीला ठरलेला क्रमांक असतो. घेतलेल्या सक्रिय ऊर्जेची एकूण बेरीज म्हणजे १.८.०, हा त्यांतला सर्वांत ओळखीचा. भारतापुरते या भाषेचे नियम आयएस १५९५९ या मानकात घातलेले आहेत. परंतु पुरवठा कंपनीच्या मीटरचे हे दप्तर परवलीच्या शब्दांनी आणि कूट किल्ल्यांनी बंद असते, आणि त्या किल्ल्या कंपनीकडेच असतात.

येथे कायद्याविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे. भिंतीवरील देयकाचा मीटर सामान्यतः पुरवठादाराच्या ताब्यातला आणि त्याच्या सीलखालचा असतो. २००३ च्या विद्युत अधिनियमाचे कलम १३५ वीजचोरीविषयी आणि कलम १३८ मीटरमधील हस्तक्षेपाविषयी आहे, आणि जिज्ञासा हा त्यांपुढे बचाव ठरेल असे कोणी समजू नये. सील, झाकण, मीटरकडे येणारी वा मीटरमधून जाणारी जोडणी यांपैकी कशालाही हात लावायचा नाही, ही या पुस्तिकेची पहिली आज्ञा आहे. दुसरी आज्ञा अशी, की मीटरनंतरच्या आपल्या स्वतःच्या वायरिंगमध्येही जे काम करायचे ते परवानाधारक वायरमनकडून करवून घ्यावे. विशेषतः जेथे करंट ट्रान्सफॉर्मर लावलेले असतात तेथे प्रवाह चालू असताना त्यांचे दुय्यम टोक उघडे पडले, तर तेथे प्राणघातक दाब निर्माण होऊ शकतो, हे कधीही विसरू नये.

म्हणून पुस्तिकेचा भर तिसऱ्या मार्गावर आहे: मुख्य मीटरच्या पुढे, आपल्या मालकीच्या वितरण पेटीत, आपला स्वतःचा सबमीटर बसवावा आणि त्याची आरएस-४८५ ची दोन तारांची जोडणी संगणकाकडे न्यावी. या दोन पिळलेल्या तारांवर मूळ मानकाप्रमाणे ३२ यंत्रे एकापुढे एक जोडता येतात आणि मंद गतीवर अंतर सुमारे १२०० मीटरपर्यंत चालते, हे एखाद्या मोठ्या कारखान्यालाही पुरेसे आहे. तारांवरची भाषा बहुधा मॉडबस असते. मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने ती १९७९ साली कारखान्यांतील नियंत्रकांसाठी रचली, आणि तिच्या साधेपणामुळेच ती आजवर जिवंत आहे. संगणक विचारतो, अमुक क्रमांकाच्या मीटराने अमुक रजिस्टरापासून इतकी रजिस्टरे वाचून दाखवावीत. मीटर तेवढेच उत्तर देतो, शेवटी तपासणीची दोन अक्षरे जोडतो, आणि पुन्हा विचारीपर्यंत गप्प राहतो.

या साधेपणातच नवशिक्याची फसगत होण्याच्या जागा आहेत. बाजारात सर्रास मिळणारा ईस्ट्रॉन कंपनीचा एसडीएम १२० हा एकफेजी मीटर उदाहरणादाखल घ्या. त्याच्या माहितीपत्रकात दाबाचे रजिस्टर ३०००१ म्हणून दिलेले असते, परंतु तारेवर मागताना त्याचा पत्ता शून्य असतो. ही एकाची चूक झाली की शेजारच्याच राशीचा अर्धा तुकडा हाती येतो. पुढे, मॉडबसचे प्रत्येक रजिस्टर १६ बिटांचे, तर मीटरचा दशांश आकडा ३२ बिटांचा. साहजिकच एक आकडा दोन रजिस्टरांत विभागलेला असतो. घरातील दाब नेमका २३० व्होल्ट असेल तेव्हा ही दोन रजिस्टरे अनुक्रमे १७२५४ आणि ० असे दाखवतात. ते दोन तुकडे योग्य क्रमाने एकत्र करून दशांश संख्येच्या ठरलेल्या पद्धतीने उलगडले म्हणजे २३० मिळतात. क्रम उलटा झाला तर जवळजवळ शून्य मिळते. मीटर निर्दोष, तार निर्दोष, सॉफ्टवेअरही निर्दोष, आणि तरीही पडद्यावर निरर्थक आकडा, अशी ही अवस्था असते. यास्तव आलेला पहिला आकडा मीटरच्या पडद्यावरील आकड्याशी ताडून पाहिल्यावाचून पुढे एक पाऊलही टाकू नये.

आता मी आरंभी ज्या हिशेबाच्या शिस्तीचा उल्लेख केला तिच्याकडे वळतो. तिचा पहिला नियम असा, की आकडा कधीही एकटा लिहू नये. तो कशाचा, कोणत्या एककात, आणि कोणत्या क्षणी घेतलेला, हे त्याच्याबरोबरच नोंदले गेले पाहिजे. किलोवॅट हा चालू क्षणाचा भार आहे आणि किलोवॅट-तास म्हणजे युनिट ही आजवरच्या खपाची बेरीज आहे. या दोहोंची गल्लत सुशिक्षितांच्या संभाषणातही नित्य ऐकू येते, आणि एकदा ती तक्त्यात शिरली की सारा तक्ता निकामी होतो. ज्या मीटरपुढे १००/५ चा करंट ट्रान्सफॉर्मर आहे त्याच्या आकड्याला २० चा गुणक लागतो. काही मीटर तो स्वतः लावून दाखवतात आणि काही दाखवत नाहीत, तेव्हा आपला मीटर कोणत्या जातीचा हे आधी ठरवावे, नाहीतर गुणक दोनदा तरी लागतो किंवा मुळीच लागत नाही.

दुसरा नियम असा, की खप काढायचा तो नेहमी एकूण बेरजेच्या रजिस्टरातील दोन वाचनांच्या फरकावरून काढावा. क्षणोक्षणीच्या भाराची संगणकात बेरीज करून काढू नये. संगणक बंद पडतो, तार निसटते, वाय-फाय जाते, आणि तेवढ्या वेळेचा भार कोणीच लिहिलेला नसतो. परंतु मीटरमधील बेरीज अखंड चालू असते, आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर फरक काढला तर हिशेबातून एक युनिटही गळत नाही. तिसरा नियम घड्याळाचा. मीटरचे, संगणकाचे आणि देयकाचे घड्याळ एक नसेल तर अर्ध्या तासांच्या नोंदी एकमेकींवर बसत नाहीत. चौथा नियम विनयाचा आहे: पहिल्या वर्गाच्या अचूकतेचा मीटर त्याच्या विहित परिस्थितीत एक टक्का इकडे वा तिकडे चुकण्यास मुखत्यार आहे, तेव्हा तसे दोन मीटर परस्परांत सुमारे दोन टक्क्यांची तफावत दाखवूनही दोघे निर्दोष असू शकतात. सबमीटर ३०० युनिटे म्हणतो आणि देयक ३०४ म्हणते, एवढ्यावरून तक्रारअर्ज लिहायला बसू नये. ३०० आणि ३६० असेल तर मात्र अवश्य बसावे.

या शिस्तीचे फळ काय, असे कोणी विचारील, तर एखाद्या मध्यम सहकारी गृहरचना संस्थेचे उदाहरण पुरे आहे. लिफ्ट, जिन्यांतील दिवे आणि पाण्याचा पंप एकाच सामाईक मीटरवर असतात. देयक वाढले की वार्षिक सभेत एक पक्ष लिफ्टला दोष देतो, दुसरा रात्रभर जळणाऱ्या दिव्यांना, आणि ठराव कोणताही झाला तरी त्याला पुराव्याचा आधार नसतो. पंपावर एक सबमीटर बसला की त्याची सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ तक्त्यावर उमटते. पाच अश्वशक्तीचा पंप पूर्ण भारावर चार किलोवॅटहून थोडी अधिक वीज घेतो. फूट व्हॉल्व्ह गळू लागल्याने तो रोज एक तास अधिक चालत असेल, तर महिन्याकाठी सुमारे १३० युनिटे केवळ त्या गळतीपायी जातात. घरगुती प्रमाणावर हाच न्याय लहान यंत्रांनाही लागू आहे. अहोरात्र दहा वॅट खाणारी पेटी महिन्याला ७.२ युनिटे खाते, आणि अशा चारपाच पेट्या बहुतेक घरांत कोणाच्या लक्षातही न येता चालू असतात. मध्यरात्रीनंतर सर्व काही शांत असताना तक्त्यावर जी आडवी रेषा उरते, ती किती उंचीवर आहे एवढे एक पाहिले तरी घराची निम्मी परीक्षा झाली.

लघुउद्योजकाला याहून अधिक काही कळते. ७ किलोवॅट भार ०.७ शक्तिगुणांकाने घेतला तर तो १० केव्हीए होतो. आणि महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीए-तासांवर होत असल्याने, पेटीतील एक कपॅसिटर निकामी झाला तरी त्याची किंमत देयकात मोजावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये शक्तिगुणांकाची रेषा रोज दिसत असेल तर ते त्याच दिवशी कळते. नसेल तर महिन्याअखेर कळते. वेळेनुसार दर ही गोष्टही आता सर्वांच्या दाराशी आली आहे. केंद्र सरकारने २०२३ साली ग्राहकहक्कांच्या नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यात सूर्यप्रकाशाच्या तासांचा दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि कमाल मागणीच्या तासांचा अधिक असावा असे तत्त्व घातले आहे. ज्याला आपला खप तासागणिक ठाऊक नाही, त्याला या सवलतीचा लाभ आणि भुर्दंड दोन्ही योगायोगानेच मिळणार.

या ठिकाणी कोणी म्हणेल, की स्मार्ट मीटर येत आहेत, मग हा खटाटोप कशाला? २०२१ साली मंजूर झालेल्या केंद्रीय योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट आहे, आणि वर निर्देशिलेल्या २०२३ च्या दुरुस्तीत असे मीटर दिवसातून किमान एकदा दुरून वाचले जावेत व ती माहिती ग्राहकाला मिळावी असेही म्हटले आहे. ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु ती माहिती आधी कंपनीच्या दप्तरी जाते आणि मग कंपनीच्या अॅपमधून आपल्याकडे येते. वाद उत्पन्न झाला तर दोन्ही पक्षांच्या हाती एकाच वहीच्या प्रती असतात. महाराष्ट्रात या मीटरांवरून जे वादंग माजले, त्यातील बरेचसे परस्परविश्वासाच्या अभावातून आलेले होते, आणि ज्याच्यापाशी स्वतःची स्वतंत्र नोंद आहे त्याला विश्वासही डोळसपणे ठेवता येतो आणि अविश्वासही.

या बाबतीत नेदरलँड्सचा अनुभव उद्‌बोधक आहे. भाराच्या रेषेवरून घरातील कोणते उपकरण केव्हा चालले हे बाहेरूनच ओळखता येते, हे जॉर्ज हार्ट यांनी अमेरिकेतील एमआयटीत १९८० च्या दशकात केलेल्या संशोधनाने सिद्ध झाले होते, आणि १९९२ साली त्यांचा विस्तृत निबंध प्रसिद्धही झाला. घर रिकामे आहे की भरलेले, माणसे किती वाजता उठतात, हे ज्या नोंदीवरून कळते ती नोंद खासगी आहे, या भूमिकेतून नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ साली सक्तीच्या स्मार्ट मीटरचे विधेयक अडवले. पुढे सक्ती काढून मीटर आले, आणि त्यांवर ग्राहकासाठी पी-१ नावाची एक स्वतंत्र खाच ठेवण्यात आली. तिच्यात तार घालून कोणीही आपली रीडिंगे आपल्या संगणकावर, आधी दर दहा सेकंदांनी आणि नव्या आवृत्तीत दर सेकंदाला, घेऊ शकतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि सीलही तोडावे लागत नाही. ग्राहकाचा हक्क मीटरच्या रचनेतच घालता येतो, याचा हा दाखला आपल्या धोरणकर्त्यांनी अवश्य पाहावा. त्याचबरोबर, आपल्या तक्त्यांची चित्रे समाजमाध्यमांवर टाकणाऱ्या हौशी मंडळींनीही ध्यानात ठेवावे, की घराला कुलूप केव्हा असते हे ती चित्रे वाचणाऱ्या कोणालाही सांगतात.

पुस्तिकेच्या रचनेविषयी दोन शब्द. पहिल्या भागात मीटर, एकके आणि गुणक यांचा विचार आहे. दुसऱ्यात जोडणी आणि मॉडबसची प्रश्नोत्तरे. तिसऱ्यात संगणकाकडील बाजू, म्हणजे पायथनमधील छोटी आज्ञावली किंवा होम असिस्टंटसारखे मुक्त सॉफ्टवेअर वापरून नोंदी साठवण्याची आणि आलेख काढण्याची रीत. आणि चौथ्यात नोंदींचे वाचन. घाईच्या वाचकाला तिसऱ्या भागावर उडी मारण्याचा मोह होईल, कारण रंगीत आलेख तेथे आहेत. पहिला भाग वाचल्यावाचून काढलेला आलेख सुंदर दिसतो आणि खोटा असतो, एवढीच त्याला सूचना आहे.

वाचकाला अखेरची विनंती इतकीच, की मीटर जोडल्यावर पहिला महिना काहीही बदलू नये, काहीही विकत घेऊ नये आणि कोणावरही दोष ठेवू नये. फक्त नोंद चालू द्यावी, महिन्याअखेर ती देयकाशी ताडून पाहावी, दोहोंत मेळ बसल्याची खात्री करून घ्यावी, आणि मगच तिच्यावरून निर्णय करावेत. देयकाशी एकदाही न पडताळलेली नोंद पुरावा म्हणून कोणापुढेही ठेवू नये.